व्याही बोलले ते

"सुमन, ऐकलंस का गं? पुण्याचे व्याही काल गेले. वाशिष्ठीच्या पुलावरून खाली बघत म्हणतात कसे, 'अहो, नदीकाठी घरं बांधायची आणि पूर आला की रडायचं!'"

"मग तुम्ही काय म्हणालात, काकू?"

"व्याह्यांना काय बोलणार? पण विहीणबाईंना हळूच विचारलं, 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचं पाणी तुमच्या पार्किंगमध्ये शिरलं होतं ना? तर म्हणाल्या, तिथं आम्हाला बिल्डरनं फसवलं."

"घ्या! म्हणजे ते फसलेले आणि आपण मूर्ख."

"तेच तर. अगं, गोवळकोटच्या बंदरात गलबतं लागायची म्हणून ही पेठ वसली. आणि 22 जुलै 2021 चं पाणी काय आम्ही बोलावलं होतं? वरून तसला पाऊस, खाडीला भरती, पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ. त्यात कोयनेच्या वीजघरांचं पाणीही शेवटी इकडेच. गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे मशिनं हलली."

"आणि वर ती निळी रेषा, लाल रेषा. निळी म्हणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांच्या."

"2005 ला बुडालो, 2021 ला बुडालो. नदीला कुणीतरी वाचून दाखवा म्हणावं! पण काही म्हण सुमन, आपलं एक वेळ ठीक. त्या इर्शाळवाडीच्या ठाकरांनी डोंगराच्या पोटाशी राहायचंच कशाला?"

"काकू, व्याही बोलले हो तुमच्या तोंडून."

"अगं, तसं नाही…"

"तसंच आहे. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हतीच. यादी करणाऱ्यांना दिसलं नाही ते ठाकरांना दिसायला हवं होतं? त्यांची शेती तिथं, रान तिथं. 19 जुलै 2023 ची ती रात्र. वर जायला रस्ता नाही, यंत्र चढेना, माणसं कुदळ-फावड्यांनी माती उपसत होती. 27 मृतदेह मिळाले. 57 जण सापडलेच नाहीत, शेवटी शोध थांबवला."

"हं. टीव्हीवर बघितलं होतं मी. दोन दिवस जेवण गेलं नाही."

"आणि तरी विचारता, राहायचंच कशाला. त्यांचं चुकलं म्हटलं की आपल्याला झोप लागते, दुसरं काय!"

"बरं बाई, चुकलं माझं. पण मला सांग, त्या कोपऱ्यावरच्यांच्या घराला थेंब लागला नव्हता, तरी 10,000 घेतले म्हणे पुराचे?"

"पेठेतलं दुकान बुडालं ना त्यांचं."

"त्यांचं होतं ते? मला वाटलं, भावाचं."

"भावाच्या नावावर. चालवत हे होते."

"असं होय! तरीच भाऊ बोलत नाही."