तेहेतीसवाला

१९६०च्या दशकात इंग्लंडात बसने जाताना एखादा तेहेतीसवाला शेजारी येऊन बसायचाच. कंडक्टरने दिलेली मोड हा गृहस्थ खिशात टाकत नसे. चष्मा कपाळावर चढवून तो एकेक पेनी पालथी करी आणि त्रिशूळ धरून बसलेल्या ब्रिटानियाबाईंच्या पायाखालचं साल वाचे. १९३२. १९३४. मग एक सुस्कारा.

व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनच्या पेन्या तेव्हा एकाच गल्ल्यात नांदत होत्या. आजोबांच्या लग्नाच्या सालची पेनी पेपरवाल्याच्या मोडीत सहज येई. येत नसे ती १९३३ची. त्या वर्षी पेन्यांचा साठा इतका पडून होता की टांकसाळीने चलनासाठी एकही पाडली नाही. मोठ्या इमारतींच्या कोनशिलेखाली चालू सालची नाणी पुरायची रीत, म्हणून बोटांवर मोजण्याइतक्या तेवढ्या पाडल्या. त्यांतली एक लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसच्या पोटात गेली.

ही सगळी माहिती तुम्हाला तेहेतीसवालाच देई, तीही न विचारता. “अहो, मग ती मोडीत येणार कशी?” असं म्हटलंत, की तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघे. “येत नाही म्हणून तर तिला किंमत!”

शनिवारी तो बँकेतून पौंडभर पेन्या आणी. पौंडाच्या २४०, वजन सव्वादोन किलो. रात्री त्या जेवणाच्या टेबलावर ओतायच्या, भिंगाखालून काढायच्या आणि सोमवारी परत बँकेत. बायकोने तेवढ्या वेळात पुरणपोळ्या लाटल्या असत्या. पण ती बिचारी इंग्रज. सार्वजनिक शौचालयाचं दार पेनी टाकल्याशिवाय उघडत नसे. तिथेही हा साल वाचल्याशिवाय पेनी सोडत नसे. मागे रांगेत कोण कुठल्या अवस्थेत उभा आहे, हा त्याचा प्रश्न नव्हे.

१९७० साली लीड्सच्या मिडलटन भागातल्या चर्चच्या कोनशिलेखालची नाणी चोरीला गेली, त्यात १९३३ची पेनीही गेली. सारे हळहळले. तेहेतीसवाल्याचा चेहरा मात्र उजळला. एक तरी बाहेर पडली! चोर झाला म्हणून काय, त्यालाही बसचं तिकीट काढावं लागतंच की.

पुढे १५ फेब्रुवारी १९७१ला दशमान पद्धत आली आणि ऑगस्टअखेर जुनी पेनी बाद ठरली. लोक बरण्या रिकाम्या करून बँकेत पैसे भरत होते. तेहेतीसवालाही रांगेत होता, रिकाम्या हाताने, आणि पुढच्याला अदबीने विचारत होता, “साहेब, भरण्याआधी जरा नजर टाकू देता का?”