हाली दराचे तात्या

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, एक तात्या भेटतातच. कुणाच्या घरी त्यांना आण्णा म्हणतात, कुणाच्या घरी आबा. ओसरीवरची ठरलेली जागा, शेजारी पानाचा डबा आणि "आमच्या टायमाला" ही सुरुवात मात्र सगळीकडे सारखी.

उस्मानाबादचं धाराशिव झालं, जिल्ह्यातून १९८२ साली लातूर वेगळं निघालं, तरी तात्यांची कालगणना हलली नाही. ती संकटांवर चालते. थोरली लेक कधी झाली? "बहात्तरात, पाझर तलावाचं काम चालू होतं तवा." विहिरीला पाणी कधी लागलं? "भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात." पुण्याच्या नातवाला प्रत्येक गोष्टीला तारीख लागते, तात्यांचं एका दुष्काळावर भागतं.

स्वतः तात्या कधी जन्मले, हे कुणालाच ठाऊक नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे साल धरून १ जून टाकली. त्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच येतो. या सोयीचा तात्यांनी पुरेपूर फायदा घेतला. डॉक्टरांपुढे ते सत्तरीचे असतात. एसटीत कार्डावरचं वय चालतं, कारण २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला आणि तात्यांना जिल्हाभरच्या लग्नांत श्रोते मिळू लागले. सप्टेंबर आला की मात्र ते एकदम नव्वदीचे होतात.

कारण सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिन. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल ताब्यात आला आणि १७ तारखेला निजाम शरण आला. एवढा इतिहास पुस्तकात आहे. पुस्तकात तात्या नाहीत, ही उणीव ते दरसाल भरून काढतात. सून नवी होती तेव्हाच्या आवृत्तीत त्यांनी आईच्या पदराआडून तोफेचा आवाज ऐकला होता. मुलं शाळेत जायला लागली तोवर त्यांनी रणगाडा पाहिला. पुढे जवानाला तांब्याभर पाणी दिलं. हल्ली ते रणगाड्याला रस्ता दाखवतात. येत्या वर्षी तात्या रणगाडा चालवणार, अशी घरात भीती आहे.

सातवीतल्या नातीने एकदा वजाबाकी केली. "आजोबा, कार्डावर १९४४ आहे. म्हणजे तुम्ही तेव्हा चार वर्षांचे होता."

"तवाचं चारचं लेकरू आताच्या चौदाच्या बराबर हुतं, बाळे. दूध काय पिशवीतलं पीत हुतो का आम्ही?"

या उत्तरावर गणित चालत नाही.

तात्यांच्या गोष्टीतून सुटणं अवघड. ते ऐकणाऱ्याचं मनगट धरूनच सांगतात. शिवाय गोष्टीला फाटे फुटतात. लातूर-मिरज छोट्या गाडीची गोष्ट घ्या. अडीच फुटी रुळांवरची ही बार्शी लाईट येडशीच्या चढाला इतकी दमायची, की तात्या खाली उतरून, हुरडा भाजून खाऊन परत त्याच डब्यात चढायचे. हुरडा कुणाच्या रानातला? मग त्या रानाचा मालक, त्याची येरमाळ्याची चुलती, तिच्या दिराचा साडू. तोवर गाडी चढावरच उभी. शेवटी सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "तात्या, आता टीसी येतो!" त्यांना गोष्ट तोंडपाठ आहे, आणि भाकरी थापताना कुठलं वळण आलं हे नुसत्या आवाजावरून कळतं.

पूर्वी सोलापूर-कर्नाटकाकडे हेळवी बैल घेऊन दारी यायचा, घराण्याची वंशावळ म्हणायचा आणि ज्वारी घेऊन जायचा. तात्या तेच काम चहावर करतात.

पण त्याच नातीला शाळेतून आपल्या घराची माहिती लिहून आणायला सांगितली, तेव्हा वेगळेच तात्या दिसले. तिने पणजीबद्दल विचारलं. तात्यांनी मनगट सोडलं. बहात्तरात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खडीचा ढीग मोजून पैसे मिळत. कामावर सुकडी वाटायचे. ती तिथे दोन घास खायची आणि उरलेली पदराच्या गाठीत बांधून नातवंडांना आणायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना चिरायची, म्हणून आई पीठ उकळत्या पाण्यात मळायची. या सगळ्यात तात्यांनी स्वतःला कुठेच घातलं नाही. अठ्ठावीस वर्षांचे होते, पण एक ढेकूळसुद्धा उचललं नाही.

लोहाऱ्याच्या, सास्तूरच्या बाजूचे तात्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाबद्दल असेच बोलतात. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, पहाटे चारला चार मिनिटं कमी होती, घरं दगडमातीची, वर माळवदाचं ओझं. ते गल्लीच्या एका टोकाला सुरू करतात आणि घराघरातली गेलेली माणसं नावानिशी सांगतात. तिथे आकडा वाढत नाही आणि फाटा फुटत नाही.

यावरून तात्यांची किंमत कशी करावी, ते कळतं. निजामाच्या राज्यात स्वतंत्र हाली शिक्का चालायचा. इंग्रजी मुलखात बाजाराला जायचं तर त्याचे कलदार करून घ्यावे लागत. साधारण सात हालीला सहा कलदार. तात्यांच्या गोष्टींना हाच दर लावावा. सातवा हिस्सा त्यांच्या शौर्याचा, तो सोडून द्यावा. उरलेले सहा हिस्से खणखणीत असतात, आणि ते दुसऱ्या कुणापाशी मिळत नाहीत.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतल्या जुन्या वस्तू जपून ठेवल्या, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगर नगरीची ओळख आज त्यांच्या नावाच्या संग्रहालयात होते. आपल्या घरात तर पणजीचं माहेरचं नावही कुणाला सांगता येत नाही. तात्यांना येतं. तेव्हा दिवाळीला गावी गेलात तर त्यांना रणगाडा विचारू नका. ते न विचारता सांगतीलच. पणजीचं नाव विचारा, तिचं माहेर विचारा, विहीर कुणी खोदली आणि जमीन कशापायी विकली ते विचारा, आणि लगेच वहीत लिहून घ्या. मध्येच वजाबाकी मात्र करू नका. तात्या रुसले, तर सहाही हिस्से बुडतील.