आमचंही अतिक्रमण नोंदवून घ्या

मा. मुख्याधिकारीसाहेब,



मी काशीचा, ब्रह्माघाटावर आमचं घर. पुतणीच्या लग्नाला आपल्या गावी आलो होतो, तेव्हा स्टँडामागच्या मैदानात आपली कारवाई पाहण्याचा योग आला. आठ-दहा पालं, दोन गाढवं आणि एक जेसीबी. पाल म्हणजे चार काठ्या नि जुन्या साड्या. ते शिपायानं पायानंही पाडलं असतं. पण यंत्र आलं की कामाला वजन येतं, हे मान्य.

ते पाहून मनाला टोचणी लागली, म्हणून हा कबुलीजबाब. साहेब, आम्हीही त्यातलेच.

आमचा मूळपुरुष गोदाकाठाहून यात्रेला म्हणून आला. त्रिस्थळी आटोपली, सोबतचे परतले, हा राहिला. परवाना नाही, भाडेपट्टा नाही, मुदतवाढीचा अर्ज नाही. आणि तो काही एकटा नव्हता. पैठणचं भट घराणं त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात येऊन बसलेलं. त्या घराण्यातल्या गागाभट्टांना 1674 साली रायगडावर मानानं नेलं, तेव्हा कुणी रहिवासी दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही. नारायण दीक्षित पाटणकर आले, त्यांनी तर अख्खा घाटच बांधून घेतला. नदीकाठी पक्कं बांधकाम, साहेब! शेजारच्या दुर्गाघाटावर नाना फडणवीसांचा वाडा, आमच्याकडे आंग्र्यांचा. तिथे 1898 पासून गणपती बसतो.

इतक्या पिढ्या गेल्या, तरी घरात वरण-भात आणि बाहेर बनारसी. तरी आम्हाला कुणी भटके म्हणत नाही. आमच्या गल्ल्या पाहुण्यांना वारसा म्हणून दाखवतात. फरक बहुधा चुन्याचा असावा. आमच्या लोकांनी दगड चुन्यात बसवले, आपल्या मैदानातल्यांनी खुंट्या ठोकल्या. खुंटी उपटता येते.

आपल्याला या कामाची परंपरा मोठी लाभली आहे, यात शंका नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तिथे हजेरी द्यायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. मग आपल्या राज्यानं सवलती दिल्या, आणि जातीच्या दाखल्यासाठी विचारलं, 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं, त्याचा पुरावा आणा. ज्याचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्याच्याकडे पुरावा! शासनालाही विनोदाचं अंग आहे, हे तेव्हा मला पटलं.

भटक्या-विमुक्तांसाठीची मुक्त वसाहत योजना तर मला फार आवडली. पाच गुंठे जमीन, 269 चौरस फुटांचं घर. अट एवढीच की कुटुंब वर्षातले किमान सहा महिने एका जागी राहत असावं. आणि आपण? आपण त्यांना सहा दिवस राहू देत नाही. दोन्ही खाती एकाच राज्याची, पण एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, ही शिस्त वाखाणण्याजोगी.

यात कमीपणा मानू नका. इंग्लंडातही तेच. 1968 च्या कायद्यानं तिथल्या भटक्यांना तळासाठी जागा देणं स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं, 1994 मध्ये ते कर्तव्य रद्द केलं. मग 2011 साली एसेक्समधल्या डेल फार्मवर मोठा फौजफाटा लावून बेकायदा घरं हटवली. आधी जागा नाही म्हणायचं, मग जागेवर का बसलास विचारायचं. गोऱ्या साहेबाकडून आपण सगळंच शिकलो.

एक गोष्ट मात्र थट्टेत बसत नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच भटक्या डवरी गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. पिंपळनेरला त्यांची पालं होती. त्यांना कोंडलं होतं ती खोली ग्रामपंचायतीची. असो.

तर आपली कारवाई. नोटीस डकवायला आपला शिपाई डिंक घेऊन आला होता. साडीला कागद चिकटेना. शेवटी त्यानं तो पालातल्या म्हातारीच्या हातात दिला. तिनं नातवाला वाचायला लावला. ‘राहणार’ पुढे लिहिलं होतं: बसस्थानकामागील मैदान. म्हातारीनं पुन्हा वाचायला लावलं. मग जेसीबी सुरू झाला, बाकीच्या बायका भांडी गोळा करायला धावल्या, आणि म्हातारीनं तो कागद चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाशेजारी ठेवला.

मी विचारलं, “आजी, हे कशाला जपता?”

“पत्ता हाय त्यावर,” ती म्हणाली. “सरकारी.”

म्हणून एवढीच विनंती, साहेब. यापुढे नोटिशीवर तारीख स्पष्ट घाला आणि शिक्का जरा ठळक मारा. तिच्या कागदावरचा पुसट उठला आहे. तहसीलमध्ये चालायचा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना अतिक्रमणकर्ता
ब्रह्माघाट, काशी