डोळा लागला होता

महाडहून पोलादपूर एस.टी.नं जेमतेम अर्धा-पाऊण तास. एवढ्यात माणसानं झोपू नये, आणि मी झोपलो नव्हतोच. माझा डोळा लागला होता.

मराठीत स्वतःहून कुणी झोपल्याची कबुली देत नाही. झोप येते, लागते, उडते, मोडते. जे काय करायचं ते तीच करते, आपण बिचारे जागच्या जागी. शेजारचा मात्र पेंगतो, लोळतो, डाराडूर पसरतो. माझी पोलादपूरची आत्या जन्मात दुपारी झोपली नाही. ती नुसती 'पाठ टेकायची', आणि घोरणं पलीकडच्या आळीला ऐकू जायचं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्यावर येते ती सुस्ती. आंबेनळी घाट चढण्याआधी उलटीची गोळी घेतली की महाबळेश्वरपर्यंत गुंगी. ग्लानी मात्र तापातली. तिला मान असतो, उशाशी माणसं बसतात.

डॉक्टरांचं माप निराळं. हाकेसरशी उठतो तो झोपलेला. चिमटा काढल्यावर तेवढ्यापुरते डोळे उघडून पुन्हा बुडतो, त्याची काळजी करायची. चिमट्यालाही दाद देत नाही तो बेशुद्ध. आत्याकडे चिमट्याची पाळी कधी आली नाही. कानाशी 'चहा' म्हटलं की पुरे.

झोपेचा खरा जाणकार आमच्याच तालुक्यात बसला होता. रामदासांनी दासबोध शिवथरघळीत लिहिला असं सांगतात. त्यातल्या अठराव्या दशकाचा नववा समास निव्वळ निद्रेवर आहे, जांभया आणि गळणाऱ्या लाळेसकट. पुढचाच समास श्रोत्यांच्या अवलक्षणांचा, तेव्हा समर्थांसमोर काय चालत असेल ते ओळखावं. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा असा एकसुरी कोसळतो की ते स्वतः जागे कसे राहिले, याचंच मला नवल. मी तिथं गेलो तेव्हा दहाव्या मिनिटाला... असो.

तर कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा बाहेर कशेडीचा बोगदा होता.

"काका, पोलादपूरला तीन हाका मारल्या!"

तीन हाकांना उठलो नाही, म्हणजे डॉक्टरी हिशेबानं ही झोप नव्हेच, हे मी त्याला चिमट्यासकट समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे तिकिटाचं मशीन पुढं ओढलं.

"चिमटे काढायला महामंडळानं माणूस दिलेला नाही. खेड एकच ना?"