लोकशाहीसाठी, न विचारता

मार्च १९३९. जबलपूरजवळच्या त्रिपुरीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले. तरी म्हणाले, स्वराज्यासाठी इंग्रजांना सहा महिन्यांची मुदत द्या. काँग्रेसने ते काही मनावर घेतलं नाही. युरोपने मात्र सहा महिन्यांचा शब्द जवळजवळ पाळला. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. कारण? लोकशाहीचं रक्षण. आता लोकशाही वाचवायची घाई असताना लोकांना विचारत बसायला वेळ कुणाकडे असतो!

काँग्रेसने जरा आगाऊपणा केला. विचारलं, की ही लोकशाही आमच्याकडेही येणार का? १७ ऑक्टोबरला उत्तर आलं: युद्ध संपलं की चर्चा करू. आमच्याकडे लग्नातला हुंडाही याहून स्पष्ट बोलला जातो. निषेध म्हणून नोव्हेंबरात मध्य प्रांताच्या, नागपूरच्या काँग्रेसी शुक्ल मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्याच प्रांतात, पवनारला, विनोबा युद्धाविरुद्ध बोलले. विचारस्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सरकारने त्यांना तीन महिन्यांसाठी आत टाकलं.

जबलपूरला मात्र युद्धाच्या उद्देशांची चिंता नव्हती. तिथे १९०४ पासून तोफांचे गाडे बनत होते. युद्धाने खमरियाचा दारूगोळा कारखानाही दिला. कारण पटो न पटो, काम मिळालं.

शेवटी फेब्रुवारी १९४६ मध्ये जबलपूरच्या सिग्नल केंद्रातल्या जवानांनीच बंड केलं. लोकशाहीच्या विजयी सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीची वागणूक आणि बरं जेवण हवं होतं. सरकारने संगिनी पाठवल्या.