रेंडरकर

रेंडरकर ओळखायचा असेल तर त्याच्यापुढे स्टीलचं रिकामं ताट ठेवा. भुकेला माणूस वाढप्याकडे बघतो. हा ताट तिरकं करून ट्यूबलाइटखाली फिरवतो. "ॲनिसोट्रॉपी बघा!" ताटाच्या तळावर गोल फिरलेल्या बारीक रेघा असल्या की उजेडाचा ठिपका न पडता केंद्रापासून दोन बाजूंना पट्टे पसरतात, हे तो शेजारच्या काकांना समजावून सांगतो. तोवर मसालेभात पुढे गेलेला असतो.

व्यवसायाने म्हणा, व्यसनाने म्हणा, हा अंतराळयानं बनवतो. पुण्यात, आईवडिलांच्या घरातल्या मागच्या खोलीत, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर. ब्लेंडर फुकट मिळतं. ते चालवायचं ग्राफिक्स कार्ड मिळत नाही. त्याचे हप्ते चालू आहेत.

यानाचा सांगाडा तो चुटकीसरशी उभा करतो. घोडं अडतं ते धातूपाशी. लाकूड, कापड, भिंत यांच्यात शिरलेला उजेड थोडा विखरून बाहेर येतो. धातूच्या घरी ही पद्धत नाही. समोर जे असेल ते तो तसंच परत फेकतो. सोन्या-तांब्यासारखे रंगीत धातू तेवढे वर आपली छटा चढवतात. आता अंतराळात समोर असणार काय? काळोख. म्हणजे इतक्या हौसेने केलेलं यान काळंकुट्ट. मग रेंडरकर त्या निर्वात पोकळीत दिवे टांगायला लागतो. मागून निळसर, पुढून नारिंगी, डोक्यावर पलंगाएवढा चौकोनी एरिया लाइट. तेवढ्याने भागलं नाही तर एचडीआरआय, म्हणजे एखाद्या जागेचा चहूबाजूंनी टिपलेला उजेड, यानाभोवती गुंडाळतो. गुरू ग्रहाजवळून निघालेल्या एका यानाच्या पोटावर मला चक्क माडांची रांग दिसली होती.

"रफनेस वाढवला की जातील," तो म्हणाला.

रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, 0.32 ठेवावा की 0.35, यावर त्याने रात्री जागवल्या आहेत. मला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, पण मैत्री टिकवायची असल्याने मी बोलत नाही. मेटॅलिकच्या बाबतीत मात्र तो कर्मठ आहे: 0 किंवा 1. वस्तू एक तर धातू असते किंवा नसते. उगाच 0.5 ठेवणाऱ्याच्या घरी तो चहासुद्धा घेणार नाही.

एवढं करून यान लखलखलं की त्याचा चेहरा पडतो. "फार नवं वाटतंय." 1977च्या 'स्टार वॉर्स'साठी मॉडेलवाल्यांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या किटमधले प्लास्टिकचे तुकडे यानांवर चिकटवले आणि वर मळ चढवला, ही कथा तो आजोबांचा पराक्रम सांगावा तशी सांगतो. मग ओरखडे, तेलाचे ओघळ, कडांना उडालेला रंग. एकदा आई तांब्याला पितांबरी लावत होती, तर हा धावतच आला. "थांब, त्या डागांचा फोटो काढू दे!" आईने आधी फोटो काढू दिला, मग तांब्या घासला, मग त्याच्या खोलीकडे बघून सुस्कारा टाकला.

एका यानावर त्याने तांबूस गंज चढवला होता. तिथे ना हवा ना ओल, मग गंज आला कुठून, असं मी विचारलं. क्षणभरही न अडखळता उत्तर आलं, "आधी पृथ्वीवर पार्क केलेलं होतं."

शेवटी रेंडर लागतो, म्हणजे मशिन सगळा उजेड मोजून चित्र काढायला बसतं. चित्रातला रवाळपणा निम्मा करायचा तर सॅम्पल्स, म्हणजे उजेडाचे नमुने, चौपट लागतात, त्यामुळे मशिन रात्रभर घरघरतं आणि खोली भट्टीसारखी तापते. हिवाळ्यात धाकटा भाऊ आपली गादी तिथेच आणून टाकतो. सकाळी काळोखात एखादा पांढरा ठिपका चमकताना दिसतो. तो तारा असला तर ठीक. फायरफ्लाय निघाला, म्हणजे हिशेबातून निसटलेला उजेड, तर पुन्हा रात्र.

परवा एक चित्र पूर्ण झालं. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दार कुठंय?"

"पलीकडच्या बाजूला."

"दाखव."

"पलीकडची बाजू केलेली नाहीये, बाबा. कॅमेरा तिकडे जात नाही."

वडील काही बोलले नाहीत. रेंडरकर मात्र खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "ते जाऊ द्या. ओरखडे कसे वाटले?"