बोलंना गेलंय

वारंगा फाट्यावर उतरलं की आधी खिचडी, मग काम, हा माझा जुना नेम. नांदेडहून आलेला रस्ता इथं फुटतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. मुळात जागाच वाट दाखवणाऱ्यांची. तेव्हा भाच्यानं राऊटर इथंच आणून मांडले यात नवल नाही.

पलंगावर दोन जुने, सेकंडहँड राऊटर, मध्ये जाड निळी सिरियल केबल. दोघांचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरत होते.

"मामा, तार जोडलीय, दोन्हीकडं लाईट लागलीय, पण ह्ये बोलंनाच गेलंय."

स्क्रीनवर लिहिलं होतं, सिरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाऊन. कॉलर ताठ, तोंड बंद. लग्नात शेजारी बसवलेले दोन रुसलेले पाहुणे असेच दिसतात.

पत्ते बरोबर होते. तीसच्या मास्कचं हे गाव चार प्लॉटांचं: एक गावाच्या नावाचा, एक दवंडीचा, उरलेल्या दोनांत दोन घरं. तिसऱ्याला जागाच नाही, म्हणजे भांडण लावणाराही कुणी नाही.

मग घड्याळ पाहिलं. खरी लीज लाइन असती तर वेळ पलीकडच्या मोडेमनं दिली असती. इथं मध्ये कुणी नाही, म्हणून दोघांपैकी एकाला घड्याळवाला व्हावं लागतं. कुणी, ते केबल ठरवते. डीसीई टोक ज्याच्या पाठीत, तो. क्लॉक रेट ६४००० भाच्यानं दिलेला होता, पण आधी. नंतर केबलवर संशय येऊन त्यानं ती काढली आणि उलटी लावली. घड्याळाची जबाबदारी गुपचूप दुसऱ्या राऊटरकडे गेली, आणि त्याला कुणी सांगितलंच नाही. आमच्या घरातली बरीच कामं अशीच राहिली आहेत.

दुसऱ्याला क्लॉक दिला. तरी डाऊन.

भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र आता मजा येऊ लागली होती. (बिघाड एकच असला तर मामाची किंमत काय राहणार?) दोघांची सेटिंग शेजारी शेजारी उघडली. एकावर सिस्कोचं मूळचं एचडीएलसी, दुसऱ्यावर मागच्या धड्यातलं पीपीपी. एक पाकिटात घालून पाठवतोय, दुसऱ्याला आंतरदेशीयच उघडता येतंय. दोन्ही पोस्टात चालतात, पण दोघांनी एकच धरायला हवं. पीपीपी काढलं. क्षणभर काही नाही, मग ओळ बदलली: अप, अप. पिंग मारला, पाच उद्गारचिन्हं!

"आता गप्प बसले तर?"

"बसत नाहीत. दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक देतात: माझा नंबर हा, तुझा शेवटचा ऐकलेला हा. ओळीनं तीन हाका वाया गेल्या की लाइन डाऊन."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "अहो, ऐकलं का?"

ओट्यावर भाऊजींचा पेपर हलला नाही.

"अहो!"

भाच्यानं माझ्याकडे बघत दोन बोटं वर केली.

"अहो, मी काय म्हणते!"

"हं," पेपरामागून आलं.